गच्चीवरचा धूप

पाटोद्याहून शिरूर कासारकडे जाताना रस्त्याला लागून एक बाजाराचं गाव आहे. तिथं शिवशरण आप्पांचं किराणा दुकान आहे. दुकान साधंच, पण आप्पा साधे नाहीत. माणूस वाईट म्हणावा असा मुळीच नव्हे. उलट, चांगलेपणाचा जरा जास्तच पक्का. वजनात मारायचं नाही, डाळीत खडा मिसळायचा नाही, पोर आलं तरी म्हाताऱ्यासारखं मानानं वागवायचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "आपलं काम कसं, सरळ." गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं की लोक म्हणतात, चला आप्पाकडं. आप्पा दोघांचं ऐकून घेतात, निवाडा करतात आणि वर चहा पाजतात. या सगळ्याचं आप्पांना मनातून फार कौतुक. ते दाखवत नाहीत, पण त्यांच्या बायकोला, नीलाबाईंना, दिसल्याशिवाय कसं राहील? "कुठं सत्कार हाय म्हणलं की ह्यांच्या सदऱ्याला आदल्या दिशीच इस्त्री," असं त्या शेजारणीला सांगतात आणि पदराआड हसतात.

अशा माणसाच्या गच्चीवर विद्यापीठाचं यंत्र येऊन बसलं.

झालं असं, की विद्यापीठात हवेचा अभ्यास करणारा एक गट आहे. हवेत धुळीचे, धुराचे, काजळीचे डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असतात, ते मोजायचे, ते कुठून आले ते शोधायचं, हे त्यांचं काम. गटाच्या प्रमुख एक मॅडम, त्यांच्या हाताखाली पाच-सहा मुलंमुली. त्यातली एक उज्ज्वला. आष्टीकडची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली, आणि त्या घरात एवढं शिकलेली पहिलीच. तिनं मॅडमपुढं हट्ट धरला होता, की सगळे शहराचीच हवा मोजतात, आमच्या दुष्काळी मुलखाची हवा कुणी मोजायची? मॅडम म्हणाल्या, जागा शोध. जागा म्हणजे उंच गच्ची, घरात इन्व्हर्टर आणि शब्दाला पक्का माणूस. सरपंचानं आप्पांचं घर दाखवलं. तीनही गोष्टी तिथं होत्या.

यंत्र बसवताना उज्ज्वलानं नीट विचारलं. "आप्पा, गच्चीवर चूल पेटवता का? पाण्याचा बंब? कचरा जाळता? कुणी बिडी ओढायला वर येतं?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "आमच्या घरात बिडीचा वाससुदिक न्हाई."

ते खरंच होतं. पोरीनं मान डोलावली, यंत्राची नळी वाऱ्याच्या दिशेला वळवली, मोबाईलचं सिमकार्ड आत घातलं. काजळी किती आहे ते यंत्र आपलं आपण विद्यापीठात कळवणार होतं. आप्पांकडं काम एवढंच, की लाइट गेली तर बघायचं, नळीवर कोळ्यानं जाळं केलं तर झाडायचं, आणि पोराटोरांना वर जाऊ द्यायचं नाही.

आता आप्पांच्या घरची रीत सांगायला हवी. त्या घरात जे काम करतं, त्याला धूप दाखवतात. सकाळी लिंगपूजा झाली की आप्पा धुपाटण्यात गोवरीचा निखारा ठेवतात, त्यावर ऊद टाकतात आणि निघतात. आधी देव, मग गल्ला, मग तराजू, मग पीठ दळायची चक्की, इन्व्हर्टर, आणि शेवटी मुलाची, वीरेशची, मोटारसायकल. जे आपल्यासाठी राबतं त्याच्यात महादेव आहे, हे आप्पांच्या वडिलांनी शिकवलेलं. यंत्र घरात आलं, वीज खाऊ लागलं, रात्रंदिवस घुरघुरू लागलं. त्याला वगळायचं कसं? दुसऱ्याच दिवशी आप्पा धुपाटणं घेऊन जिना चढले. डब्यावर भस्माचं बोटही ओढलं. पुढच्या खेपेला उज्ज्वला आली तेव्हा तिनं ते बोट पाहिलं आणि ती हसली. तिच्या घरी दसऱ्याला मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीला हळदकुंकू वाहतात. तिला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. भस्म आहे म्हणजे धूपही असणार, आणि धूप आहे म्हणजे धूर असणार, हे ना तिच्या डोक्यात आलं ना आप्पांच्या. धूर म्हणजे चुलीचा, टेम्पोचा, कचऱ्याचा. देवाचा तो धूप. त्याला धूर कोण म्हणतं?

बरं, हे इथंच थांबलं असतं तरी निभावलं असतं. काही महिन्यांनी उज्ज्वला आली ती खुशीत. "आप्पा, एक गंमत दिसायलीय. सोमवारी काजळी एकदम वर जाते."

"सोमवारी आपला बाजार," आप्पा म्हणाले.

"तेच तर. बाजाराचे टेम्पो, भज्यांच्या कढया, भट्ट्या. ह्याच्यावर कुणी कामच केलेलं नाही."

खरी गोष्ट अशी होती, की सोमवार महादेवाचा, म्हणून त्या दिवशीचा धूप मोठा असायचा. पण आप्पांना त्यातलं काही सुचलं नाही. त्यांना सुचलं ते भलतंच. बिचाऱ्या यंत्राला सोमवारी एवढी घाण गिळावी लागते, हे ऐकून त्यांना त्याची दया आली. पुढच्या सोमवारपासून त्यांनी दोन गोवऱ्या जास्त घातल्या, उदाची मूठ भरून टाकली, आणि धुपाटणं लगेच खाली न आणता यंत्राशेजारीच आडोशाला ठेवून दिलं. जळू दे निवांत दुपारपर्यंत. दुसऱ्या वर्षी त्यात गुग्गुळही आला. उज्ज्वलाच्या संगणकावर सोमवारची रेघ वर्षागणिक उंच होत गेली आणि तिनं लिहिलं, की खेड्यातले आठवडी बाजार बदलत आहेत, वाहनं वाढत आहेत, आणि त्याचा परिणाम हवेत मोजता येतो आहे.

या कामाला देशपातळीवरच्या एका परिषदेत पहिलं पारितोषिक मिळालं.

मॅडम मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, आपल्या गटाचा सत्कार विद्यापीठात झाला, आता ज्या गावानं हे दिलं त्या गावात जाऊ. वीरेशनं लगोलग चौकात फ्लेक्स लावला. त्यावर उज्ज्वला एका कोपऱ्यात बोटाएवढी आणि मधोमध फेटा बांधलेले आप्पा. खाली लिहिलं होतं, "विज्ञानाचे पाठीराखे." आप्पा वरवर म्हणाले, "कावून खर्च केलास बे?" पण संध्याकाळी चौकातून दोनदा चालत गेले, एकदा कामानं आणि एकदा बिनकामाचे.

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. निम्मं गाव जमलं. मॅडमनी आपल्या गटाचं सांगितलं. एक विद्यार्थी जपानला शिकायला गेला, दोघांनी मिळून एक स्वस्त यंत्र बनवलं, एकीचा लेख परदेशी छापून आला. "पण मला सगळ्यात जास्त अभिमान उज्ज्वलाच्या कामाचा वाटतो," त्या म्हणाल्या, "कारण ते या मातीतून आलं आहे. आणि त्याच्या मागं आप्पांसारखा माणूस उभा आहे." टाळ्या पडल्या. आप्पांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. शाल चांगली उबदार होती. आप्पा ती सावरत खुर्चीवर बसले, आणि उज्ज्वला पडद्यावर रेघा दाखवायला लागली.

"हे बघा सोमवार," ती म्हणाली. "बाजार भरायच्या आधीच, सकाळीच रेघ चढायला लागते. म्हणजे व्यापारी लवकर येतात, हॉटेलवाले भट्ट्या पेटवतात. दुपारनंतर उतरते. वर्षभर हेच. फक्त ह्या एका सोमवारी बघा, रेघ सपाट आहे. मागच्या माघातला. त्या दिवशी वारा जोराचा असावा, नाहीतर बाजार भरला नसावा."

आप्पा खुर्चीत पुढं सरकले. मागच्या माघात लातूरला भाचीचं लग्न होतं. घराला कुलूप होतं. आप्पा, नीलाबाई, वीरेश सगळे लातुरात. पण बाजार भरला होता. त्यांचा मित्र बंकट त्या दिवशी दोन बोकडं विकून आला होता आणि भाव कसा चढा होता ते नंतर आठवडाभर सांगत होता.

सकाळी चढणारी, दुपारी उतरणारी, घराला कुलूप असताना सपाट पडणारी ती रेघ कुणाची, हे आप्पांना कळायला क्षणही लागला नाही. सगळ्या मांडवात ते त्यांना एकट्यालाच कळलं होतं. पडद्यावर रंगीत शिखरं होती आणि त्या प्रत्येक शिखराखाली त्यांना आपलं धुपाटणं दिसत होतं. लोक टाळ्या वाजवत होते त्या काही बाजारासाठी नव्हत्या, आप्पांच्या उदाच्या मुठीसाठी होत्या.

"आप्पा, दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या.

आप्पा उठले. ध्वनिक्षेपक तोंडापुढं आला. सांगायचं होतं ते ओठांपर्यंत आलं होतं. समोर निम्मं गाव, बाजूला ती पोरगी, तिच्या चेहऱ्यावर असं हसू की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पाठ थोपटली आहे. आणि खांद्यावर शाल. आप्पा म्हणाले, "म्या काय केलं, काय न्हाई. महादेवाच्या कृपेनं समदं नीट झालं." आणि बसले. लाजेनं त्यांनी नारळावरची नजर वर केली नाही. पण बाहेरून बघणाऱ्याला तो विनय वाटला. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, माणूस कसा नम्र आहे.

घरी आल्यावर नीलाबाईंनी चेहरा बघून विचारलं, "काय झालं? सत्कार झालेला माणूस असा दिसतोय व्हय?"

आप्पांनी सगळं सांगितलं. नीलाबाईंनी ऐकून घेतलं. "मग पोरीला सांगा की. तुमी कुठं मुद्दाम केलंय?"

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हणलं न्हवं," आप्पा म्हणाले आणि लिंगपूजेला बसल्यासारखे डोळे मिटून बसले. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सत्काराचा फोटो वर्तमानपत्रात आला, तो जरा जुना झाला की मग सांगू. असं त्यांचं चाललं होतं. ज्यांचे निवाडे केले ते लोक दुकानात येऊन शाबासकी देत होते आणि आप्पा पुडी बांधताना दोऱ्याला उगीच जास्तीचा वेढा देत होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. पुढच्या सोमवारी धुपाटणं गच्चीवर नेलंच नाही. देवापुढंच ठेवलं. वाटलं, इथून पुढं तरी खोटं नको.

मंगळवारी उज्ज्वलाचा फोन आला. "आप्पा, काल बाजार भरला नाही का?"

हीच वेळ होती. पोरीनं स्वतःच दार उघडून दिलं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, वीरेश गल्ल्यावर होता, आणि तोंडातून निघालं ते असं, "लगीनसराई हाय पोरी. पातळच व्हता बाजार."

बाजार कडेपर्यंत भरला होता. मुंगी शिरायला जागा नव्हती.

"तरीच," ती म्हणाली. पुढं एक प्रश्नही विचारला नाही. आप्पांनी सांगितलं म्हणजे झालं. तो तिचा विश्वास आप्पांना चटका बसावा तसा लागला. ती सांगत होती, की पुढच्या महिन्यात पुण्याला मोठ्या सभेत बोलायचं आहे, तिथले परीक्षक ताज्या आठवड्यांचे आकडे मागतात, तेव्हा येते सोमवार फार महत्त्वाचे. "लक्ष ठेवा आप्पा यंत्राकडं."

आप्पांनी लक्ष ठेवलं. पुढच्या सोमवारी ते धुपाटणं घेऊन जिना चढले. रोज जिना चढताना तोंडात "ॐ नमः शिवाय" असायचं, त्या दिवशी तोंड बंद होतं. यंत्रापाशी आल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं. देवाचं काम करताना माणूस कधी इकडंतिकडं बघत नाही. मग त्यांनी धुपाटणं रोजच्या जागेहून उचललं आणि नळीच्या अगदी खाली ठेवलं. धूर सरळ नळीत शिरायला लागला. आप्पा मागं सरले. आपण काय करतो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी हात तेच करत होते. खाली येऊन त्यांनी कपाळाचं भस्म पुसलं, तोंड धुतलं, आणि परत भस्म लावायला हात उचलला तो तसाच खाली घेतला. त्या दिवशी ते कोऱ्या कपाळानं दुकानात बसले. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणाले, घामानं गेलं.

नंतरच्या दोन सोमवारीही तेच झालं. नीलाबाईंनी एकदा जिन्यात अडवून विचारलं, "आता ह्यो कुणाला धूप?" आप्पा अंग चोरून वर गेले. नीलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून गोवऱ्या त्यांनी काढून द्यायचं बंद केलं. आप्पांना आपल्या हातानं काढाव्या लागल्या.

पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यात उज्ज्वला आली. हातात पेढ्यांचा खोका. यंत्राची झाडपूस केली, खाली आली, नीलाबाईंच्या पाया पडली, मग आप्पांच्या पायाशी वाकली. "आप्पा, आमच्या घरी माझ्या कामातलं कुणाला कळत नाही. तुम्हीच एक आहात," ती म्हणाली.

आप्पांनी पाय मागं घेतले. इतके झटकन घेतले की ती दचकली.

"बस पोरी," ते म्हणाले. "बस. तुझा बाजार खोटा हाय."

आणि मग सांगितलं. रोजचा धूप, सोमवारचा मोठा धूप, लातूरचं लग्न, कुलूप. सांगताना ते तिच्याकडं बघत नव्हते, पेढ्याच्या खोक्याकडं बघत होते. उज्ज्वला आधी हसली, थट्टा वाटली असावी. मग तिचं हसू गेलं. ती उठून गच्चीवर गेली, आडोशाला राखेचा काळा डाग होता तो बघून आली, आणि परत त्याच जागी बसली.

"मला कसं दिसलं नाही," ती म्हणाली. "डब्यावर भस्म बघितलं मी. तुम्हाला विचारताना चूल विचारली, बंब विचारला. आमच्या घरी रोज संध्याकाळी ऊद घालतात, आणि मला ते विचारायचं सुचलं नाही."

"तुझं काय न्हाई त्यात. सत्काराच्या दिशीच मला कळलं व्हतं."

आता तिनं वर बघितलं. "मग तिथंच का नाही सांगितलं?"

आप्पा आयुष्यभर दुसऱ्यांचे निवाडे करत आले होते. गुन्हेगार कशी सारवासारव करतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी ती केली नाही. "शाल पांघरली व्हती पोरी," ते म्हणाले. "अंगावर शाल असताना तोंड उघडंना."

"आणि लगीनसराई?"

"ते बी खोटं. बाजार भरला व्हता."

नीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि आत गेल्या. उज्ज्वलानं मोबाईल काढला आणि तिथंच, आप्पांच्या समोर, मॅडमना फोन लावला. वाक्यं सरळ होती. "मॅडम, सोमवारचे आकडे बाजाराचे नाहीत. यंत्राजवळ धूप जळत होता. जागेची तपासणी मी नीट केली नाही. चूक माझी आहे." मॅडम पलीकडून काहीतरी विचारत होत्या. "नाही मॅडम, मुद्दाम कुणी काही केलेलं नाही. साधी माणसं आहेत. श्रद्धेनं केलंय."

आप्पा हे ऐकत समोर बसले होते. नळीखाली ठेवलेल्या धुपाटण्याचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सगळं सांगून झाल्यासारखं केलं होतं आणि नेमकं तेवढंच मागं ठेवलं होतं. आता हात पुढं करून फोन मागता आला असता. त्यांनी हात मांडीखाली घेतला. पोरगी त्यांना साधा माणूस म्हणत होती आणि ते साधेपण त्यांना सोडवत नव्हतं.

विद्यापीठानं पारितोषिक परत केलं. मॅडमनी परिषदेला कळवलं, उज्ज्वलाचं पुण्याचं भाषण रद्द झालं, तिचा प्रबंध मागं पडला. आता नव्या जागी, नव्यानं सुरुवात करायची. गटातले बाकीचे तिला काय म्हणाले ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

गावात मात्र बातमी निराळ्याच वळणानं पोचली. विद्यापीठवाले आप्पांच्या धुपाला प्रदूषण म्हणतात. एवढंच लोकांनी उचललं. वीरेशनं मोबाईलवर लिहून पाठवलं, की ज्या घरानं यांना जागा दिली, त्याच घराच्या देवाला ही पोरगी नावं ठेवते, जाहीर निषेध. त्यावर अंगठे आले, हात जोडलेले आले. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आप्पांची बाजू घ्यायला लागला. "आप्पा, तुमचं काय चुकलं? देवाला धूप दावला. त्यात चोरी हाय का?" आप्पा म्हणत, "तसं न्हाई," आणि पुढचं कुणी ऐकायच्या आत तोच माणूस उज्ज्वलाला शिव्या देऊन मोकळा होई. ज्या लाजेनं आप्पा पिचत होते, ती गाव त्यांच्या अंगावरून पुसून त्या पोरीच्या तोंडाला फासत होतं. आणि ते काम एवढं प्रेमानं चाललं होतं की थांबवायला धजावणं अवघड.

यंत्र न्यायला जीप आली ती बुधवारी, सकाळच्या वेळी. उज्ज्वला आणि ड्रायव्हर, दोघंच. दुकानापुढं माणसं जमायला वेळ लागला नाही. वीरेशचे चारदोन दोस्त होते, रिकामटेकडे होते, आणि सगळ्यांच्या पुढं बंकट. बंकट म्हणजे आप्पांचा लहानपणापासूनचा मित्र, शेळ्यामेंढ्यांचा धंदा करणारा, तोंडाचा फटकळ पण आप्पांवर जीव टाकणारा. उज्ज्वला आणि ड्रायव्हर यंत्राचा डबा जिन्यावरून खाली घेऊन आले, तसा तो आडवा झाला.

"थांब. आधी आप्पाची माफी माग. शिकली म्हणून देवाला नावं ठिवायची का?"

"मी देवाला नावं ठेवली नाहीत," उज्ज्वला म्हणाली. तिच्या हातात डब्याची एक बाजू होती. ती तिला खाली ठेवता येत नव्हती आणि पुढंही जाता येत नव्हतं.

"मग आप्पाचा धूप खोटा कावून म्हणलीस? आमचा आप्पा खोटं करंल का? त्याच्या कपाळावर काय हाय बघ जरा. माफी माग आन् मग जा."

"माफी," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरं कुणीतरी म्हणालं. वीरेश छाती काढून उभा होता. उज्ज्वलानं दुकानाकडं बघितलं. आप्पा गल्ल्यामागं होते. ती बोलवत नव्हती, तक्रारही करत नव्हती, नुसती बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "ठीक आहे. आप्पा, मला माफ..."

"गप," आप्पा म्हणाले.

ते गल्ल्यामागून बाहेर आले. पायरी उतरताना त्यांनी तराजूच्या खांबाला धरलं. नीलाबाई दारात आल्या होत्या. त्यांच्याकडं त्यांनी एकदा बघितलं. आता जे बोलायचं ते बोलल्यावर या गावात उद्या कुणी "चला आप्पाकडं" म्हणणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. साठ वर्षं सांभाळलेली एकच गोष्ट होती त्यांच्याकडं.

"बंकट, बाजूला हो," ते म्हणाले. "तिनं काय खोटं म्हणलं न्हाई. खोटं म्या केलंय."

"आप्पा, तू कावून..."

"ऐकून घे बे. आधी धूप देवाचा व्हता, ते खरं हाय. पन सत्कार झाला, आन् मला समदं कळलं, त्याच्यानंतर म्या धुपाटणं उचलून नळीखाली ठिवलं. मुद्दाम. रेघ वर जावी म्हणून. आपलं नाव जाऊ नये म्हणून." त्यांनी गच्चीकडं हात केला. "त्यो धूप महादेवाचा न्हवता. माजा व्हता."

वीरेशनं मोबाईल खिशात घातला. बंकटनं आप्पांच्या कपाळाकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली. मागची माणसं, जशी मयताच्या घरून निघावीत तशी, एकेक करून सरकायला लागली. आप्पांना वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उघड्या रस्त्यात, भर उन्हात, आपण नागवे उभे आहोत असं वाटलं.

उज्ज्वलानं डबा जीपमध्ये ठेवला. ती परत आली. आप्पांना वाटलं, आता ही बोलेल, ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल. तिनं मोबाईल हातात घेतला.

"कोणकोणत्या सोमवारी, आप्पा?" ती म्हणाली. "मला ते आकडे वेगळे काढावे लागतील."

आप्पांनी सांगितले. पहिला, त्याच्यापुढचा, आणि त्याच्यापुढचा. ती लिहून घेत होती.

"अजून कधी?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

तिचं बोट थांबलं. तिनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. रागानं नव्हे, यंत्राचा आकडा तपासून बघावा तसं बघितलं.

"नक्की?" तिनं विचारलं.